एव्हरेस्टवरचं एकच वादळ आणि त्यावरची चार पुस्तकं, कोणाचं खरं मानायचं?

डोंगरांवरची, साहसाची पुस्तकं सुचवा असं कुणी विचारलं की 'इनटू थिन एअर'चं नाव हमखास येतं. २०१५ चा 'एव्हरेस्ट' सिनेमा पाहिला असेल तर गोष्ट तुम्हाला साधारण माहितीही असेल. पण बरेच जण हे एकच पुस्तक वाचून थांबतात आणि त्यात एका माणसावर झालेला आरोप तेवढा लक्षात ठेवतात. त्या माणसाचंही पुस्तक आहे, आणि ते वाचल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

आधी नेमकं काय झालं होतं ते बघू. १० मे १९९६. पैसे घेऊन लोकांना एव्हरेस्टवर नेणाऱ्या दोन कंपन्यांच्या टीम एकाच दिवशी शिखराकडे निघाल्या. एकीचा प्रमुख न्यूझीलंडचा रॉब हॉल, दुसरीचा अमेरिकेचा स्कॉट फिशर. वर जायला उशीर झाला, तरी परत फिरायची वेळ पाळली गेली नाही आणि संध्याकाळी वादळाने गाठलं. त्या वादळात आठ जण गेले. हॉल आणि फिशर दोघंही त्यात होते.

हॉलच्या टीममध्ये जॉन क्रॅकावर नावाचा पत्रकार होता. 'आउटसाइड' या मासिकासाठी तो एव्हरेस्टच्या याच धंद्यावर लेख लिहायला गेला होता. १९९७ साली त्याचं 'इनटू थिन एअर' आलं. पुस्तक जबरदस्त आहे, एकदा हातात घेतलं की सुटत नाही. त्यात फिशरच्या टीमचा गाइड अनातोली बुकरीव्हवर टीका आहे. गाइड असून तो कृत्रिम ऑक्सिजन न लावता चढला आणि आपल्या लोकांच्या आधी खाली उतरला, असा मुद्दा.

त्याच वर्षी बुकरीव्हचं 'द क्लाइंब' आलं. सहलेखक होते वेस्टन डीवॉल्ट. बुकरीव्हचं म्हणणं असं, की लवकर उतरायचं हे फिशरशी बोलूनच ठरलं होतं. खाली कॅम्पवर कुणीतरी ताजंतवानं असायला हवं, गरज पडली तर ऑक्सिजन घेऊन वर जाता यावं, हा त्यामागचा विचार. आणि झालंही तसंच. त्या रात्री वादळात तो एकटा बाहेर पडला आणि वाट चुकून अडकलेल्या तिघांना जिवंत परत घेऊन आला. क्रॅकावरही हे नाकारत नाही. वाद आहे तो आधीच्या निर्णयाचा.

हे पुस्तक 'इनटू थिन एअर'इतकं सफाईदार नाही, मध्येमध्ये वकिली थाटाचं वाटतं. तरी वाचाच. क्रॅकावरने नंतरच्या आवृत्तीत त्याला लांबलचक उत्तर दिलंय. बुकरीव्हला मात्र वाद पुढे नेता आला नाही. डिसेंबर १९९७ मध्ये अन्नपूर्णावर हिमस्खलनात तो गेला.

मग खरं कोण? इथे क्रॅकावरने स्वतःच नोंदवलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. कॅम्पजवळ आपल्याला अँडी हॅरिस हा गाइड भेटला, याची त्याला पक्की खात्री होती. मासिकातल्या लेखात त्याने तसं छापलंही. नंतर कळलं की तो माणूस फिशरच्या टीममधला दुसराच कुणीतरी होता. हॅरिस त्या कॅम्पपर्यंत पोहोचलाच नव्हता. जवळपास आठ हजार मीटरवर, ऑक्सिजन संपलेला असताना डोळ्यांनी पाहिलेलंही असं फसवू शकतं. दोन्ही पुस्तकं वाचताना हे डोक्यात ठेवा.

तिसरं पुस्तक बेक वेदर्सचं, 'लेफ्ट फॉर डेड'. हा टेक्सासचा डॉक्टर. मेला समजून त्याला बर्फात सोडून दिलं होतं, आणि तो उठून चालत कॅम्पवर आला! उजवा हात, डाव्या हाताची बोटं आणि नाक मात्र गमावलं. यात गिर्यारोहण कमी आहे. नैराश्य आणि मोडत चाललेला संसार याबद्दलच जास्त आहे, त्यामुळे थराराच्या अपेक्षेने घेतलंत तर निराश व्हाल.

चौथं मला सगळ्यात जवळचं वाटतं. 'टचिंग माय फादर्स सोल', लेखक जामलिंग तेनझिंग नोर्गे, म्हणजे एव्हरेस्टवीर तेनझिंग यांचा मुलगा. त्या वेळी तो आयमॅक्सच्या फिल्म टीमसोबत डोंगरावरच होता आणि वादळानंतर, २३ मेला, शिखरावर पोहोचला. बाकी तिन्ही पुस्तकांत शेर्पा मदतीला येतात, इथे ते काय विचार करतात हे कळतं. पूजा, शकुन, घरच्यांची भीती, आणि दुसऱ्यांच्या हौसेसाठी जीव धोक्यात घालणं हाच रोजगार असणं.

या चौघांच्या कथा नेपाळच्या बाजूने चढलेल्या टीमभोवती फिरतात. पण त्या आठ जणांतले तिघं आपले होते. सेवांग समानला, दोरजे मोरूप आणि सेवांग पलजोर, तिघंही आयटीबीपीचे जवान, तिबेटच्या बाजूने चढलेले. या मोहिमेचे उपनेते पी. एम. दास यांचा लेख 'हिमालयन जर्नल'मध्ये आहे. हिमालयन क्लबचं हे नियतकालिक १९२९ पासून निघतंय, क्लबचं मुख्यालय मुंबईत आहे आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. लेख मोठा नाही. 'इनटू थिन एअर' संपवलंत की लगेच तो वाचा, मग 'द क्लाइंब' हातात घ्या.