भिंतीतून सुटलेले अणू : संपादकीय तळटीप
† लेखकाने भिंतीची धूप इथे एका ओळीत उरकली आहे. संलयनाचे गणित मात्र अनेकदा तिथेच अडते. प्लाझ्मातील आयन भिंतीवर आदळून तिचे अणू उखडतात. हे अणू गाभ्यात शिरले की तिथली ऊर्जा प्रारणाच्या रूपाने बाहेर जाते आणि प्लाझ्मा थंडावतो. कार्बन एखादा टक्का असला तरी निभावते. टंगस्टनचे प्रमाण दहा हजारांत एक झाले तरी घातक, कारण गाभ्यातल्या कोट्यवधी अंशांच्या तापमानातही त्याच्या ७४ इलेक्ट्रॉनांपैकी काही त्याला चिकटून राहतात आणि सतत प्रारण करतात. तरीही इंग्लंडमधील जेट यंत्राने २०११पासून कार्बन सोडून बेरिलियम व टंगस्टनच्या भिंती वापरल्या. कार्बनच्या थरांत ट्रिटियम अडकून राही, हे त्याचे मोठे कारण.

‘ईआरओ’सारख्या संगणकीय प्रारूपांत भिंतीतून सुटणाऱ्या कणांचा यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने एकेक करून माग काढतात. अशा हिशेबांत ठळकपणे दिसणारी गोष्ट मला फार मोलाची वाटते : दाट प्लाझ्मात टंगस्टनचा अणू बहुधा भिंतीजवळच आयनित होतो आणि चुंबकीय क्षेत्रातली पहिली घिरटी पुरी होण्याआधीच भिंतीवर परततो. त्यामुळे एकूण धूप आणि निव्वळ धूप यांत मोठी तफावत पडते. लेखकाचा आकडा एकूण धुपेचा आहे. त्यावरून भिंतीचे आयुष्य मोजू नये. — संपा.