नियामक : एका यंत्राचा आणि एका शब्दाचा इतिहास

गाडी उभी असताना इंजिन ज्या मंद गतीने फिरत राहते तिला व्यवहारात 'आयडलिंग' म्हणतात. ह्या स्थितीत थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असते. लागणारी हवा त्यास वळसा घालणाऱ्या निराळ्या वाटेने येते, आणि त्या वाटेवरील झडप किती उघडावी हे संगणक ठरवितो. कारखान्याच्या संगणकाऐवजी स्वतः जुळवून बसविता येईल असा 'मेगास्क्वर्ट' संगणक ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो ह्यांनी २००१ साली पुढे आणला. ह्यावरून झडपेच्या नियमनाचा प्रश्न संगणकयुगातच उद्भवला, असा समज होण्याचा संभव आहे. तो कितपत ग्राह्य आहे हे येथे पाहावयाचे आहे.

१७८८ साली जेम्स वॉटने बाष्पयंत्रास फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. गती वाढली की गोळे बाहेर फाकत व वाफेची झडप मिटू लागे. परंतु पुढे काही यंत्रांत नियामक असूनही गती आळीपाळीने चढे व उतरे. १८६८ साली क्लार्क मॅक्सवेलने ह्या दोषाची गणिती मीमांसा केली. गतीतील फरकाच्या प्रमाणात दुरुस्ती करणाऱ्या साधनांस त्याने 'मॉडरेटर' म्हटले. फरक मुळीच उरू न देणाऱ्यांसाठी 'गव्हर्नर' हे नाव राखले. पहिल्यात थोडा फरक शिल्लक राहतो. दुसऱ्यात हेलकाव्यांचे भय अधिक. १९२२ साली निकोलस मिनोर्स्कीने जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचा विचार करताना फरक किती, तो किती साचला आणि किती वेगाने बदलतो आहे, ही तीन अंगे एकत्र आणली.

संगणक आयडल गती राखतो तो ह्याच तीन अंगांच्या आधारे. झडप उघडल्यावर हवा सिलिंडरात पोहोचून गती वाढण्यास अवधी लागतो. तेवढ्यात संगणकाने झडप आणखी उघडली की गती मर्यादेबाहेर जाते, मग ती मिटवावी लागते, आणि इंजिन हेलकावे खाऊ लागते. म्हणून झडपेची दुरुस्ती सौम्य ठेवून तातडीचे काम ठिणगीची वेळ मागेपुढे करून साधतात. तिचा परिणाम लगेच होतो. साधने पालटली, दोष मात्र मॅक्सवेलने चिकित्सिला तोच होय.

१९४८ साली नॉर्बर्ट वीनरने ह्या शास्त्रास 'सायबरनेटिक्स' हे नाव दिले, ते कर्णधारवाचक ग्रीक शब्दावरून. तोच शब्द लॅटिनमार्गे 'गव्हर्नर' झाला आहे. आपला 'नियामक' ह्या कुळाबाहेरचा. त्यात 'यम्', म्हणजे आवरणे, हा धातू आहे. तथापि अमरकोशात 'नियामक' हा शब्द नौका हाकणाऱ्यासाठी आला आहे, आणि पालीतही त्याचा अर्थ कर्णधार असाच आहे. दोन भाषापरंपरांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच प्रतिमा जवळ केली, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. सुकाणू धरणारा जहाजास ढकलीत नाही. ते किती वळले हे पाहून हात आवरतो. नियमनाचे मर्म ह्या आवरण्यातच आहे. पारिभाषिक शब्द योजताना 'नियंत्रक' व 'नियामक' ह्यांत भेद न करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.