पाझराचं पाणी कुणाचं?

आमच्याकडची जुनी माणसं वर्षांचा हिशेब ‘बहात्तर’पासून, म्हणजे 1972च्या दुष्काळापासून धरतात. ‘‘बहात्तरला तुझा बाप रांगत व्हता,’’ म्हणत आजी त्या दुष्काळात झालेल्या आमच्या पाझर तळ्याच्या कामाकडे वळायची. मुकादमाची हजेरी, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. ‘‘आधी खडकापतोर चर खांदला. त्यात काळी माती भरून तुडवली. पण तळाला काय न्हाय घातलं. मुकादम म्हनला, हितलं पानी जिरायलाच पायजे.’’

पाझर तलावाचं मर्म आजीच्या या चार वाक्यांत आहे. त्याला कालवा नसतो. बांधाच्या पोटातली काळी माती ओढा अडवते आणि अडलेलं पाणी तळातून मुरमात, झिजलेल्या बेसॉल्टच्या भेगांत उतरतं. मग खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी चढते. आपल्या कातळाच्या पोटात पाणी मावतं थोडंच, म्हणून असे तलाव गावोगाव हवे होते. दुष्काळी कामांतून आणि पुढे रोजगार हमीतून ते झालेही.

आजोबा मात्र या गोष्टीत एक वाक्य घालायचे : ‘‘पाट्या आमी टाकल्या, हिरी त्यांच्या भरल्या.’’ आम्हाला जमीन नव्हती. तळ्याखालच्या रानात पुढे ऊस उभा राहिला, आणि बांध घालणाऱ्या बायका त्याच उसात खुरपायला जाऊ लागल्या.

हा अन्याय विलासराव साळुंखे यांनी ओळखला. पुण्याचे हे कारखानदार त्याच दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानची 40 एकर माळजमीन घेऊन त्यांनी पाणी अडवलं, मुरवलं आणि पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम असे : पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणशी; भूमिहीनालाही हक्क; ऊस नाही. पाणी जिरवण्याच्या कामात याहून मोठा विचार महाराष्ट्रात झालेला नाही, असं मला वाटतं. हिवरे बाजार गावानं पुढे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि पडलेल्या पावसाप्रमाणे पिकं ठरवली.

आमच्या तळ्यात आता गाळ बसलाय. बारीक गाळानं मुरमाची तोंडं बुजतात, पाणी उन्हानं उडून जातं. खाली बोअर मात्र खोल खोल चालले आहेत.

तुमच्या गावात गाळ काढायची ग्रामसभा भरेल, तेव्हा गाळ कुणी न्यायचा एवढंच ठरवून उठू नका. मुरलेलं पाणी कोण किती उपसणार, तेही लिहून घ्या. आणि त्या यादीत भूमिहीनांची नावं आधी घाला.