एक सर्किट, तीन खोकी : गिटारच्या आवाजाचा मालक कोण?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने गिटारच्या ॲम्प्लिफायरवर बोलायला उभं राहावं याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. आम्हाला गिटार वाजवता येत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पण एक प्रश्न बरीच वर्षं आमचा पिच्छा सोडत नाही. १९६२च्या सुमारास लंडनमधल्या एका वाद्यांच्या दुकानात अमेरिकन ॲम्प्लिफायरची नक्कल झाली. नक्कल म्हणजे अगदी उघड नक्कल. दोन्हींचे सर्किटचे आराखडे शेजारी शेजारी ठेवले तर फरक शोधावे लागतात. आणि तरीही त्यातून निघालेला आवाज मूळ वस्तूचा नव्हता. पुढे रॉक संगीताचा मोठा भाग त्याच आवाजावर उभा राहिला. मग त्यात नवं काय होतं, आणि त्या नवेपणाचं श्रेय कोणाला द्यायचं?

आधी मूळ वस्तू पाहू. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. गिटार वाजवणारे नव्हेत, दुरुस्ती करणारे. हे लक्षात ठेवा. त्यांनी १९५०च्या आसपास भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, १९५१ साली बास गिटार आणली, आणि त्या बाससाठी १९५२ साली 'बासमन' नावाचा ॲम्प्लिफायर काढला. सुरुवातीला त्यात एकच पंधरा इंची स्पीकर होता. पुढे चार दहा इंची स्पीकर आले. आपल्याला हवा आहे तो १९५०च्या दशकाच्या अखेरचा, '५एफ६-ए' या सर्किटचा बासमन. चाळीसेक वॅटची ताकद, जेन्सन कंपनीचे चार दहा इंची स्पीकर, पाइन लाकडाचं खोकं आणि त्याची मागची बाजू बरीचशी उघडी. केला बाससाठी आणि उचलून नेला गिटारवाल्यांनी.

इथे जरा थांबतो, कारण त्या भरीव गिटारचं महत्त्व आपल्याकडे नीट सांगितलं जात नाही. मिरजेला तंबोरे करणाऱ्यांचं काम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल. तिथे सगळी निवड भोपळ्यापासून सुरू होते. तार कितीही चांगली असली तरी भोपळा मुका असेल तर तंबोरा बोलत नाही. साध्या गिटारचंही तसंच. तिचं पोकळ पोट हाच तिचा आवाज. भरीव लाकडाच्या गिटारीने ते पोट काढून टाकलं. सर्वांना वाटलं, आता आवाज तारेत आहे, विजेत आहे. पोकळीची गरज संपली. पण भोपळा गेला नव्हता. तो वायरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता, आणि त्याला लोक 'कॅबिनेट' म्हणायला लागले. कॅबिनेट म्हणजे कपाट, फर्निचर! फर्निचरकडे कोण लक्ष देतो?

आता लंडनच्या पश्चिमेला, हॅनवेलमध्ये. जिम मार्शल हे ड्रमवादक, ड्रमचे शिक्षकही. १९६०मध्ये त्यांनी तिथे ड्रम विकायचं दुकान काढलं. ड्रमवाले आले की त्यांच्यामागून गिटारवाले येणारच. त्या पोरांना फेंडरसारखं काहीतरी हवं होतं. पण अमेरिकेहून आलेला माल महाग, शिवाय त्यांना आणखी मोठा, आणखी रांगडा आवाज हवा. दुकानातले दुरुस्तीचं काम पाहणारे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक अगदी तरुण मुलगा, दोघांनी बासमनचं सर्किट घेतलं आणि इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या सुट्या भागांतून ते उभं केलं. तो 'जेटीएम ४५'.

प्रामाणिकपणे सांगायचं तर फरक होते. पहिली व्हॉल्व्ह जास्त वर्धन करणारी बसवली, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडचे, आणि पुढे आउटपुटच्या व्हॉल्व्हही केटी ६६ जातीच्या आल्या. जाणकार मंडळी या फरकांवर तासन्‌तास बोलतात. आम्ही तेही वाचलं आहे आणि ते खोटं नाही. पण सगळ्यात मोठा फरक सर्किटच्या कागदावर नव्हताच. मार्शलनी ॲम्प्लिफायर वेगळ्या पेटीत ठेवला आणि स्पीकर वेगळ्या खोक्यात. त्या खोक्यात सेलेस्टियन कंपनीचे चार बारा इंची स्पीकर घातले आणि मागची बाजू फळीने गच्च बंद केली.

का बरं? यामागे काही ध्वनिशास्त्र होतं का? तर नाही. दोन स्पीकरांचं खोकं करून पाहिलं, ते स्पीकर भार सोसेनात, जळाले, म्हणून चार. आणि चार स्पीकर सोयीने मावतील एवढं खोकं, ते साधारण पाऊण मीटर लांब, तेवढंच उंच. मार्शल स्वतः पुढे सांगत की त्या आकारामागे कसलंही गूढ सूत्र नव्हतं. आम्हाला हा इतिहासाचा भाग फार आवडतो. ज्या आवाजाला पुढे लोकांनी दैवी वगैरे ठरवलं, त्याचं माप सुतारकामाच्या सोयीने ठरलं होतं.

आता खोक्याची मागची फळी एवढं काय करते ते पाहू. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पडदा एकाच वेळी दोन आवाज काढतो, एकमेकांच्या उलट. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते. तिची ध्वनिलहर चार मीटरहून लांब. एवढी लांब लहर खोक्याला सहज वळसा घालते. मागचा उलटा आवाज पुढे येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. म्हणून उघड्या पाठीच्या खोक्यात खालचे स्वर हलके होतात. पण त्याच वेळी वरचे स्वर मागच्या भिंतीवर आपटून खोलीभर पसरतात, आवाज मोकळा, हवेशीर वाटतो. पाठ बंद केली की मागचा आवाज आत कोंडला जातो. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला आवरते. खालचे स्वर घट्ट होतात आणि सगळा मारा पुढच्या बाजूला. समोर उभं राहा, छातीत बसतो. बाजूला व्हा, वरचे स्वर गायब, कारण बारा इंची पडदा वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे फेकतो. गिटारवाल्याच्या पोटरीशी स्पीकर असतो, म्हणून त्याला वाटतं आपला आवाज बोथट आहे. तो 'ट्रेबल' वाढवतो आणि पहिल्या रांगेतले लोक कान झाकतात.

स्पीकर स्वतःही काही निरागस नाही. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही वाजवत नाही. कागदी शंकू थकतो. हे वैगुण्य नव्हे. व्हॉल्व्ह ताणल्यावर जी करकर तयार होते ती थेट, स्पीकर वगळून ऐकलीत तर बाटलीत कोंडलेल्या माश्यांसारखी लागते. कागद ती गाळतो. आणि आणखी एक. स्पीकरवर 'आठ ओहम' लिहिलेलं असतं, पण तो आकडा सगळ्या स्वरांना लागू नसतो. एका ठरावीक खालच्या स्वराशी रोध एकदम चढतो आणि वरच्या स्वरांकडे पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्हचा ॲम्प त्या चढ-उताराला साथ देतो. म्हणजे खोकं बदललं की ॲम्पसुद्धा वेगळा वागतो! नोकर मालकाला वळण लावतो म्हणा ना.

तिसरं खोकं. मार्शलनी तेच सर्किट नंतर एका जुळ्या पेटीत घातलं. ॲम्प आणि दोन बारा इंची स्पीकर एकत्र, पाठ उघडी. मॉडेल क्रमांक १९६२. हा क्रमांक आहे, साल नव्हे. यात भलेभले फसतात, आम्हीही फसलो होतो. हाच ॲम्प घेऊन एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या १९६६च्या 'ब्लूज ब्रेकर्स' ध्वनिमुद्रिकेत वाजले. ऐका ती एकदा. ते ठासून भरलेलं, तरी कडेने सैल असं जे काही आहे, ते चार स्पीकरांच्या बंद खोक्यातून तसंच येत नाही. मार्शलचं एकच सर्किट, सेलेस्टियनचेच स्पीकर, फक्त खोकं वेगळं. आणि मूळ बासमन जेन्सनच्या चार दहा इंचींतून आणखी निराळा. दरम्यान पीट टाउनशेंडना आठ स्पीकरांचं एकच खोकं हवं झालं. सामान वाहणाऱ्यांनी हात टेकले, तेव्हा त्याचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले. रंगमंचावरची ती काळी भिंत अशी जन्मली, हमालांच्या पाठदुखीतून.

आम्ही स्वतःही तुलना करून पाहिली, ती सांगायला हवी. आमचा एक जुना विद्यार्थी गिटार वाजवतो. त्याने एक ॲम्प आणि दोन खोकी आणली, एक उघडं, एक बंद. दहाबारा जण बसलो, पडद्यामागे अदलाबदल, आणि चिठ्ठ्यांवर मत. बंद खोकं प्रचंड मतांनी जिंकलं. आम्ही खूश. घरी गेल्यावर लक्षात आलं, बंद खोक्यात स्पीकर जास्त होते आणि ते नुसतंच मोठ्याने वाजत होतं! माणसाचा कान जरा मोठा आवाज 'चांगला' म्हणून स्वीकारतो, हे कुणीही ध्वनिमुद्रण करणारा सांगेल. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने व्हेरिएबल धरून ठेवायचं विसरावं, याची लाज वाटली. पुढच्या रविवारी मीटर लावून दोन्ही सारख्या पातळीवर आणली. मतं जवळजवळ निम्मी निम्मी झाली. पण कोणतं खोकं कोणतं, हे मात्र बहुतेकांनी बिनचूक ओळखलं. फरक खराच होता. श्रेष्ठपणा तेवढा आवाजाच्या मोठेपणाचा होता.

आता आमच्या प्रश्नाकडे. न्यायवैशेषिकांनी शब्दाची मोठी बारीक चिकित्सा केली आहे. शब्द हा आकाशाचा गुण. भेरी वाजते तेव्हा दांडकं आणि भेरी यांचा संयोग हे निमित्तकारण, आणि भेरी व आकाश यांचा संयोग हे असमवायी कारण. शिकवताना आम्हाला ही विभागणी अनावश्यक काटेकोर वाटायची. गिटारकडे आल्यावर तिचा उपयोग कळला. ॲम्प्लिफायर हे दांडकं आहे, कॅबिनेट ही भेरी आहे. सर्किटचा आराखडा छापता येतो, त्यावर नाव घालता येतं, म्हणून इतिहास त्या आराखड्यांचा लिहिला गेला : फेंडरकडून मार्शलकडे, अमुकची नक्कल तमुकने. भेरीचा इतिहास मात्र कोणी फारसा मांडत नाही. पाइन की बर्च प्लाय, पाठ उघडी की बंद, कागद जाड की पातळ, हे ज्या सुतारांनी आणि शंकू घडवणाऱ्यांनी ठरवलं त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मार्शलवर नक्कल केल्याचा आरोप होतो तेव्हा तो दांडक्यापुरता बरोबर आहे. भेरी त्यांची स्वतःची होती.

वाजवणाऱ्यांना हे पंडितांच्या आधी कळलं होतं. १९५८च्या 'रंबल'साठी लिंक रे यांनी पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली. १९६४ साली 'किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने एका छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला. सर्किटला हात लावला नाही कोणी.

आणि आज? आज लोक खोकं घेतच नाहीत. खोक्याचा आवाज मोजून त्याची एक अतिशय छोटी डिजिटल नोंद करतात, सेकंदाच्याही अंशाएवढी, आणि संगणक गिटारचा आवाज तिच्यातून गाळतो. शेजाऱ्यांना त्रास नाही, हमालही लागत नाही. पण या नोंदीत स्पीकर ताणल्यावर स्वतः जे विकृत करतो ते येत नाही, आणि स्पीकर ॲम्पला जे वळण लावतो तेही येत नाही. ते दुसरीकडून जोडावं लागतं. एक गंमत मात्र पाहण्यासारखी आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने त्याच्या संगणकावरची यादी दाखवली. ॲम्पच्या नावाचं एक कपाट, आणि त्याखाली खोक्यांच्या शेकडो नोंदी : स्पीकर कोणता, पाठ उघडी की बंद, माइक कडेला की मध्ये. आम्ही विचारलं, बाबा रे, तू आधी काय निवडतोस? तो म्हणाला, "सर, आधी कॅब. ॲम्प मग बघतो."

एवढं बोलून थांबतो. ती दोन्ही खोकी आज मागे आणून ठेवली आहेत, पातळी सारखी करून. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी पुढच्या रांगेत न बसता जरा कडेला या.