बाळंतपणाचे दोन भाग



आपल्या मराठी भाषेंत ‘बाळंतपण’ हा जो शब्द आहे, त्याची व्याप्ति मोठी आहे. मूल जन्मास येण्याच्या घटकेपुरता तो मर्यादित नाहीं. ‘मीं लेकीचें बाळंतपण केलें’ असें एखादी आई म्हणते, तेव्हां वेणा, सुईण आणि नाळ कापणें एवढेंच तिच्या मनांत नसतें. पुढचा सव्वा महिना तेल लावणें, न्हाऊं घालणें, शेक-शेगडी, पथ्यपाणी, रात्रीचीं जागरणें, हें सारें त्या एका शब्दांत येतें. दुसरा असाच एक अर्थपूर्ण शब्द म्हणजे ‘सुटका’. बाई अडली, आणि मग तिची सुटका झाली, असें आपण म्हणतों. ही सुटका मुलाची कीं आईची, आणि ती नक्की कोणत्या दिवशीं पुरी होते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाहीं. निसर्गाचें बळ अपुरें पडल्यामुळें हातानें किंवा हत्यारानें जिची सुटका करावी लागली, अशा मातेचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. मी वैद्य नव्हे. इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक शाळामास्तर आहें. तेव्हां औषधयोजनेंत न शिरतां माणसांच्या हकीकतीच सांगेन.

आरंभ आपल्या घरच्या ग्रंथापासून करूं. सुश्रुतसंहितेंत अडलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटलें आहे. कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे त्याचे चार प्रकार कांहीं आचार्य मानतात, असें सांगून, अडचणी त्याहून अधिक तऱ्हांच्या असतात असेंही तो ग्रंथकार बजावतो. परिघ म्हणजे दाराचा अडसर. अडसर घालावा तसें मूल आडवें आलें, तर तो परिघ. अशा प्रसंगीं वैद्यानें काय करावें? प्रथम घरच्या धन्याची अनुज्ञा घ्यावी, कारण हें काम अत्यंत अवघड आहे. मग त्या स्त्रीला धीर द्यावा, आणि नंतरच हात घालावा. गर्भ जिवंत असेल तर त्यावर शस्त्र मुळींच चालवूं नये. धीर देण्याची ही आज्ञा लहानशी दिसते खरी. पण पुढें जो इतिहास सांगावयाचा आहे, त्यांत ती किती दुर्मिळ आहे हें आपणांस दिसून येईल. तोच ग्रंथ शारीरस्थानांत सांगतो कीं, प्रसूत झालेली स्त्री दीड महिन्यानंतर आहारविहाराच्या नियमांतून मोकळी होते, आणि तोंपर्यंत ती ‘सूतिका’ होय.

शस्त्राविषयींचा हा निर्बंध केवळ दयेचा नव्हता. त्यांत मोठी अगतिकता होती. हातानें वळवून मूल निघालें तर निघालें. न निघालें, तर हत्यार म्हणजे सुरी किंवा आंकडा, आणि आंकड्यानें येणारें मूल मृतच असावयाचें. युरोपांतही हीच स्थिति होती. डॉक्टर बोलावला म्हणजे मुलाची आशा संपली, असा त्याचा अर्थ होई. जिवंत मुलाला जिवंत बाहेर काढील असें हत्यार जगाला ठाऊक नव्हतें.

तें हत्यार इंग्लंडांत निघालें, आणि निघतांच लपविलें गेलें. विल्यम चेंबरलेन नांवाचा एक फ्रेंच प्रॉटेस्टंट धर्मच्छळाच्या भयानें इ. स. १५६९ मध्यें देश सोडून इंग्लंडास आला. त्याच्या दोन्ही मुलांचें नांव पीटर. त्यांपैकीं थोरल्या पीटरनें प्रसूतीचा चिमटा बनविला असें मानतात. दोन वांकडीं पातीं, एकेक निरनिराळें आंत सरकवून मुलाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस बसवावयाचें आणि मग बाहेर एकत्र जुळवावयाचें, इतकीच ती युक्ति. परंतु तिच्या बळावर हें घराणें राजवाड्यापर्यंत पोंचलें आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तिनें आपलें गुपित संभाळलें. मोठ्या सोनेरी पेटींतून हत्यार आणीत, खोलींतून सर्वांस घालवून देत आणि खुद्द बाळंतिणीचे डोळे बांधीत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेंतला तपशील सोडून दिला, तरी गुपित होतें हें निर्विवाद. कारण त्याच घराण्यांतील ह्यू चेंबरलेन यानें इ. स. १६७२ मध्यें एका फ्रेंच ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, त्याच्या प्रस्तावनेंत ही गोष्ट त्यानें स्वतःच कबूल केली आहे.

हा ह्यू इ. स. १६७० मध्यें आपलें गुपित विकण्यासाठीं पॅरिसला गेला होता. तेथील नामांकित प्रसूतिवैद्य मोरिसो यानें त्याची परीक्षा घेण्याचें ठरविलें. परीक्षेसाठीं निवडलेली बाई अडतीस वर्षांची पहिलटकरीण होती. हाडांच्या व्यंगामुळें तिचा कटिभाग इतका अरुंद होता कीं, स्वतः मोरिसोनें हात टेकले होते. ह्यू दार लावून आंत गेला. तीन तास खटपट करून तो बाहेर आला तो अपयश घेऊनच. ती बाई दुसऱ्या दिवशीं वारली. सौदा मोडला, ह्यू लंडनला परतला. दोन वैद्यांच्या जीवनांतील एक प्रसंग म्हणून इतिहास ही गोष्ट सांगतो. त्या तीन तासांत तिला काय वाटलें असेल, हें लिहून ठेवावें असें कोणासच वाटलें नाहीं.

पुढें अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत गुपित फुटलें. एडमंड चॅपमन यानें इ. स. १७३३ मध्यें चिमट्याची माहिती छापली आणि विल्यम स्मेली यानें तो केव्हां लावावा, केव्हां लावूं नये, याचे नियम घालून दिले. चेंबरलेनांचे मूळ चिमटे इ. स. १८१३ मध्यें एसेक्स परगण्यांतील त्यांच्या जुन्या घराच्या तक्तपोशीखालीं सांपडले. ज्या काळांत ते जमिनीखालीं दडविलेले होते, त्या काळांत किती अडलेल्या स्त्रिया आणि किती मुलें गेलीं, त्याची गणती कोण करणार?

सुटकेचा पहिला भाग असा साध्य झाला. दुसऱ्या भागाची कथा याहून दारुण आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठीं लेखणी झिजविणारी प्रसिद्ध इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट ३० ऑगस्ट १७९७ रोजीं प्रसूत झाली. मुलगी सुखरूप होती. वार मात्र पडेना. डॉक्टरानें हात घालून ती तुकड्यातुकड्यांनीं काढली. पुढें ताप भरला आणि १० सप्टेंबरला मेरी गेली. मागें राहिलेली ती अकरा दिवसांची मुलगी मोठेपणीं मेरी शेली या नांवानें कीर्ति पावली. मदत करणारा तो हातच मृत्यु घेऊन आला होता, ही गोष्ट त्या वेळीं त्या हाताच्या धन्यालाही ठाऊक नव्हती.

ती उघडकीस आली व्हिएन्ना येथें. तेथील मोठ्या सरकारी रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. दाखल करण्याचे वार ठरलेले असत. इ. स. १८४६ मध्यें पहिल्या विभागांत ४०१० बाळंतपणांत ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यांत ३७५४ मध्यें १०५. डॉक्टरांना याचें कारण उमगत नव्हतें. पण गरीब स्त्रियांना त्याचा परिणाम पक्का ठाऊक होता. पहिल्या विभागाचा वार आहे असें कळतांच त्या गुडघे टेकून, हात जोडून, आम्हांस तेथें घालूं नका म्हणून विनवीत. कित्येकजणी रस्त्यांतच बाळंत होऊन मग रुग्णालयांत येत, आणि आश्चर्य हें कीं, रस्त्यांत बाळंत झालेल्यांस तो ताप कमी येई! बायकांचें हें भय म्हणजे अडाणीपणा, असें शहाण्यांस वाटत होतें. वास्तविक तें भय म्हणजेच त्या रोगाचें पहिलें अचूक निदान होतें.

इग्नाझ सेमेलवाइस नांवाच्या तरुण हंगेरियन डॉक्टरानें तें गांभीर्यानें घेतलें. इ. स. १८४७ च्या मार्चमध्यें त्याचा एक स्नेही, प्रोफेसर कोलेचका, प्रेत तपासतांना सुरी लागून मरण पावला. त्याच्या शरीरांत जीं लक्षणें दिसलीं तींच बाळंतिणींच्या शरीरांत दिसत असत. प्रेतें चिरून विद्यार्थी सरळ बाळंतिणीकडे येतात, सुइणी येत नाहींत, हा धागा तेव्हां त्याच्या हातीं लागला. मे महिन्यापासून क्लोरिनच्या पाण्यानें हात धुतल्यावांचून बाळंतिणीला कोणीं शिवूं नये, असा दंडक त्यानें घातला. इ. स. १८४८ मध्यें पहिल्या विभागांत ३५५६ बाळंतपणांत अवघे ४५ मृत्यु झाले. परंतु आपलेच हात अपराधी होते हें मान्य करणें थोरामोठ्यांस जड गेलें. सेमेलवाइसची नोकरी गेली, बुद्धीही ढळली, आणि इ. स. १८६५ मध्यें वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला.

मरण टळलें म्हणजे दुःख टळलें असेंही नाहीं. फार वेळ अडलेल्या बाईच्या मूत्राशयावर मुलाच्या डोक्याचा दाब पडून तेथील मांस मरतें, कांहीं दिवसांनीं भोंक पडतें आणि मूत्र अखंड गळूं लागतें. अशी स्त्री जिवंत राहते खरी, पण चारचौघींतून उठते. इ. स. १८४५ मध्यें अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत अनार्का नांवाची सतरा वर्षांची गुलाम मुलगी तीन दिवस अडली. डॉक्टर मॅरियन सिम्स यानें चिमटा लावून तिची सुटका केली. परंतु तिला हें दुखणें जडलें. पुढें सिम्सनें तिच्यावर आणि लूसी, बेट्सी वगैरे इतर गुलाम स्त्रियांवर वर्षानुवर्षें शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. एकट्या अनार्कावर सुमारें तीस झाल्या, आणि त्याही भूल न देतां. इ. स. १८४९ मध्यें चांदीच्या तारेचे टांके घालून त्यास यश आलें. त्या शोधानें पुढें असंख्य स्त्रिया बऱ्या झाल्या, हें खरें. ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार अनार्काला नव्हता, हेंही तितकेंच खरें. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें अनेक वर्षें उभा होता, तो इ. स. २०१८ मध्यें तेथून हलविण्यांत आला.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. वयाच्या चौदाव्या वर्षीं आनंदीबाई जोशी यांस पुत्र झाला आणि वैद्यकीय मदतीच्या अभावीं तो दहा दिवसांत गेला. इतर असंख्य माता असें दुःख गिळून चुलीपाशीं परत गेल्या असतील. आनंदीबाई इ. स. १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या आणि इ. स. १८८६ मध्यें डॉक्टर झाल्या. पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. येथें एक मातेचा अनुभव शास्त्राच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनीं चालत गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं. दुर्दैवानें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या पुण्यास निवर्तल्या. त्यांस पदवी मिळाली त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा हॉस्पिटल सुरू झालें. तेथें डॉ. एडिथ पीची यांच्यासारख्या स्त्री-डॉक्टर होत्या. परपुरुषासमोर तोंड न उघडणाऱ्या बाईला आपलें दुखणें तेथें बोलून दाखवितां येऊं लागलें.

आमच्या घरांतील बाळंतिणीच्या खोलीचा येथें विचार केला पाहिजे. तेलपाणी, विश्रांति, डिंकाअळिवाचे लाडू आणि पाठीशीं सदैव एक अनुभवी बाई, हें तिचें वैभव. काळोख, धूर, बंद खिडक्या आणि घरांतील सर्वांत जुनीं फडकीं, हें तिचें दैन्य. पण हें दैन्य केवळ आमचेंच होतें असें कोणीं समजूं नये. इ. स. १७७३ मध्यें मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स व्हाइट यांनीं इंग्रज बाळंतिणीच्या कोंडलेल्या खोलीवर असाच कोरडा ओढला होता आणि खिडक्या उघडा, स्वच्छता ठेवा, बाईला लवकर उठून बसूं द्या, असें सांगितलें होतें. जुन्यांतलें वैभव ठेवून दैन्य टाकणें, एवढाच विवेक दोन्हीकडे हवा होता.

त्यानंतरची प्रगति थोडक्यांत सांगतां येईल. इ. स. १८४७ मध्यें एडिंबरोच्या सिम्सननें प्रसूतींत प्रथम ईथर व मग क्लोरोफॉर्म वापरला, आणि इ. स. १८५३ मध्यें राणी व्हिक्टोरियानें तो घेतल्यावर त्याविरुद्धची ओरड मंदावली. इ. स. १९३६ च्या सुमारास सल्फा औषधांनीं आणि पुढें पेनिसिलिननें सूतिकाज्वराचें विष उतरविलें. स्वीडनच्या माल्मस्ट्रॉमनें इ. स. १९५० नंतरच्या दशकांत हवा शोषून मुलाच्या डोक्यास चिकटणारी वाटी प्रचारांत आणली. तिनें पुष्कळ ठिकाणीं चिमट्याची जागा घेतली. पोट चिरून मूल काढणें हें जें एके काळीं मातेचें मरणच होतें, तें आज नित्याचें झालें आहे.

आणि तरीही दुसरा भाग उरतोच. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतचा मृत्यु हा मातामृत्यु धरावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलें आहे. सुश्रुताचा दीड महिना आणि आजचे ४२ दिवस किती जवळ आले पाहा! दोघांचेंही सांगणें एकच आहे कीं, मूल बाहेर आलें म्हणून आई सुटली असें समजूं नका. हत्यार लागलेल्या बाळंतिणीला तर टांक्यांची वेदना असते, बसण्याउठण्याची चोरी असते, आणि त्या घटकेचें भय पुष्कळदां मनांत घर करून राहतें. घरीं येणारा पाहुणा मात्र पाळण्यापाशीं जातो, मूल कोणासारखें दिसतें याची चर्चा करतो, आणि चहा घेऊन उठतो.

व्हिएन्नाच्या स्त्रिया गुडघे टेकून जें सांगत होत्या, तें ऐकून घेणारा एक माणूस भेटेपर्यंत शेंकडों प्राण गेले. म्हणून माझी विनंति अशी कीं, आपल्या घरांत बाळंतीण असेल तेव्हां तिला रोज एकदां तरी स्वस्थ बसून विचारावें, ‘तुला कसें आहे?’ ती ताप म्हणाली, रक्तस्राव म्हणाली, लघवीची अडचण म्हणाली, किंवा नुसतें ‘मला रडूं येतें’ म्हणाली, तर ‘सगळ्यांनाच होतें’ या वाक्यानें तिचें तोंड बंद करूं नये, डॉक्टरांस बोलवावें. सुश्रुतानें वैद्याला हत्यार हातीं घेण्यापूर्वीं धीर देण्यास सांगितलें होतें. हत्यार ठेवून वैद्य निघून गेल्यावर तो धीर देण्याचें काम आपलें आहे.