हिमनद्यांनी वगळलेला ओढा

'क्रीक' म्हटले की आपल्याला ठाण्याची किंवा वसईची खाडी आठवते. कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन प्रदेशात, हाच शब्द डोंगरातल्या लहानशा ओढ्याला लावतात. क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या अशा एका ओढ्यास पूर्वी रॅबिट क्रीक, म्हणजे सशाचा ओढा, म्हणत. ऑगस्ट १८९६ मध्ये तेथे सोने सापडले आणि त्याचे नाव 'बोनान्झा' झाले.

पुढे लोटलेल्या गर्दीच्या कथा पुष्कळांना ठाऊक असतात. सोने तेथेच का, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

हिमयुगात कॅनडाचा बहुतांश भाग हिमनद्यांखाली होता. त्या सरकताना खोऱ्यांतील खडी-माती खरवडून नेत. क्लोंडाइकचा टापू कोरडा. तो बर्फाखाली गेलाच नाही. त्यामुळे गारगोटीच्या शिरांतून झिजून सुटलेले सोने तेथेच राहिले. प्रथम ते एका प्राचीन, रुंद पात्रातील पांढरट खडीत साठले. पुढे प्रवाहाने खोरे खोल कापले. जुन्या पात्राचे तुकडे टेकड्यांवर उंच उरले आणि बरेचसे सोने खाली ओढ्यात उतरून तळखडकावर बसले.

म्हणजे एकाच ओढ्याची दोन पात्रे! जाणत्यांनी खालचे धरले. नवखे टेकडीवर खणू लागले तेव्हा त्यांची थट्टा झाली. सोने तेथेही निघाले. त्या टेकडीचे नाव 'चिचाको', म्हणजे नवखा.

खालचे सोने काढणे सोपे नव्हते. जमीन बारमाही गोठलेली, आणि उन्हाळ्यात खणावे तर खड्डा पाण्याने भरे. म्हणून ऐन हिवाळ्यात शेकोट्या पेटवून जमीन हातभर वितळवायची, ती उपसायची, पुन्हा शेकोटी. ही खडी वसंतात, ओढा वाहता झाला की धुतली जाई.

प्रत्येकास ओढ्याच्या लांबीने ५०० फुटांचा हक्क मिळे, शोधकास दुप्पट. सोने प्रथम कोणाच्या दृष्टीस पडले यावर वाद आहे. शोधकाचा हक्क मात्र जॉर्ज कार्मॅकच्या नावे नोंदला गेला, त्याचा टॅगिश मेहुणा केइश याच्या नव्हे. खुंट अंदाजाने ठोकलेले असल्याने सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा दोन हक्कांमध्ये ८६ फुटांची पट्टी उरली. ती त्यांच्या हाताखालच्या डिक लो याने नाइलाजाने घेतली. तिच्यातून सुमारे ५ लाख डॉलरचे सोने निघाले!

या ओढ्याच्या पाण्याची वाट जेथे संपते, तेथे क्लोंडाइक आणि युकॉन या नद्यांच्या संगमावर ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांची मासेमारीची जुनी जागा होती. सामन माशांच्या सापळ्यासाठी दगडी हातोड्याने खुंट ठोकत, म्हणून नदी 'ट्रॉन्डेक', हातोडी-दगडाचे पाणी. 'क्लोंडाइक' हा त्याचाच अपभ्रंश. नदीचे नाव जगभर गेले आणि ते देणारे लोक १८९७ मध्ये, प्रमुख आयझॅक यांच्या मागोमाग, युकॉनच्या प्रवाहाने काही किलोमीटर खाली मूसहाइडला हलले. २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या स्थळांत हा संगम आणि मूसहाइड दोन्ही आहेत.

ओढ्याचे मूळ पात्र आता शोधू नये. विसाव्या शतकात अजस्र तरत्या यंत्रांनी खोऱ्याचा तळ उलथून काढला आणि मागे खडीचे ढीग ठेवले. त्यांतील चौथ्या क्रमांकाचे यंत्र १९५९ मध्ये थांबले. मूळ शोधापासून प्रवाहाच्या दिशेने सतराव्या हक्कावर ते आजही उभे आहे.