देशी बुद्धिबळ
देशी बुद्धिबळ हा चौसष्ट घरांच्या पटावर दोघांनी खेळावयाचा, प्राचीन चतुरंगापासून परंपरेने चालत आलेला बैठा खेळ आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून चतुरंग हे नाव पडले. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील काशीस्थ नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात 'नीतिमयूख' या राजनीतीविषयक ग्रंथातच या खेळाचे वर्णन केले आहे.

नियम प्रदेशागणिक थोडे बदलतात. साधारणतः प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजास एकदा घोड्याची चाल मिळते. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या घराचे मोहरे होते. घोड्याच्या घरात गेल्यास घोडाच, वजीर नव्हे.

खेळाचे खरे मर्म मात्र 'बुर्जी'त आहे. प्रतिपक्षाचे सारे सैन्य मारले जाऊन राजा एकटा उरला, तर बुर्जी होऊन डाव बरोबरीत सुटतो. त्यामुळे वरचढ खेळाडूला शत्रूचे एखादे मोहरे राखूनच मात करावी लागते. अधाशीपणे मारामारी करणाऱ्याचा जिंकत आलेला डाव हातचा जातो. प्याद्याने केलेली मात, म्हणजे 'प्यादेमात', विशेष मानाची समजतात. आंतरराष्ट्रीय नियमांत एकट्या राजावरही मात करता येते. तेथे ही कसोटी उरत नाही.